सुलतानाच्या अंगरख्याचे माप

मापाच्या टेपेमुळे एखादा माणूस संशयित ठरू शकतो, हे मला ज्या प्रकरणात कळले ते प्रकरण नोकरी संपली तरी मनातून गेलेले नाही. खून नव्हता, मारामारी नव्हती, वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे काही आले नाही. तरीही सेवेतले एकच प्रकरण सांगा म्हटले, तर मी हेच सांगतो.

आधी थोडे माझ्याबद्दल. बायकोला इंजिनिअरची नोकरी लागली म्हणून आम्ही नाशिकहून न्यूझीलंडला आलो. तिशी ओलांडल्यावर मी इथल्या पोलिसात भरती झालो आणि मागच्या वर्षी डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झालो. शेवटची बरीच वर्षे लोअर हटमध्ये गेली. तिथली कमावती माणसे सकाळी ट्रेनने वेलिंग्टनला जातात आणि संध्याकाळी परततात. मधल्या वेळात चोरलेल्या सायकली, फोडलेल्या गाड्यांच्या काचा आणि कुंपणावरून झालेली भांडणे, एवढ्यावर आमच्या ठाण्याचा दिवस निघायचा.

एका सोमवारी ऑकलंडच्या सहकाऱ्याचा फोन आला. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात भाजी घ्यायला आलेल्या एका बाईने जुन्या सामानाच्या स्टॉलवरून एक चित्र विकत घेतले होते. बाई मूळच्या तुर्कस्तानच्या. चित्रात डोक्यावर परात घेऊन कड्यासारखे गोल पाव विकणारा माणूस होता. आपल्या आजोळच्या गल्लीत असाच पाववाला यायचा म्हणून त्यांना ते आवडले. घरी फ्रेम बदलायला गेल्या तर कागदाच्या मागे खोडलेला शिक्का दिसला. अक्षरे पुसट होती, पण ‘लोअर हट’ आणि ‘वाचनालय’ एवढे वाचता येत होते. बाई दुसऱ्याच दिवशी चित्र घेऊन पोलीस ठाण्यात हजर झाल्या. स्टॉलवाल्याला विचारल्यावर त्याने सांगितले, वेलिंग्टनकडचा कोणी वयस्कर गृहस्थ अधूनमधून अशी चित्रे आणून देतो. नाव ठाऊक नाही.

आमच्या भागात एका संस्थेचे छोटेसे खासगी वाचनालय होते. वर एक वाचनकक्ष, चार टेबले, काचेच्या कपाटांत जुनी पुस्तके. तिथल्या ग्रंथपाल बाई साठीच्या, शिस्तीच्या आणि तोलून बोलणाऱ्या. मी फोनवरचा फोटो दाखवला तशा त्या उठल्या आणि एक जाडजूड ग्रंथ घेऊन आल्या. उस्मानी सुलतानांच्या काळातले इस्तंबूल, तिथली माणसे, त्यांचे पेहराव, त्यांचा रोजचा दिवस, असा त्याचा विषय. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग हाताने रंगवलेली चित्रे. कोणा युरोपीय चित्रकाराने काढलेली.

बाईंनी पाने मोजली. सहा चित्रे नव्हती.

त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, “संस्थेच्या समितीला हा कक्ष बंदच करायचा आहे. आता त्यांना कारण मिळालं.”

मी नोंदवही मागितली. गेल्या सहा महिन्यांत हा ग्रंथ चौघांनी मागितला होता. तिघांनी एकेकदा. चौथे नाव दर मंगळवारी आणि गुरुवारी होते, आणि ते मराठी होते.

“ते गृहस्थ,” बाई म्हणाल्या, “सभ्य आहेत. पण चित्रांवर मोजमापाची टेप धरतात. मी दोनदा सांगितलं, हात लावू नका. मान हलवतात आणि परत तेच.”

गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, पुण्याचे, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. मुलगा आयटीत. मी माझ्या वरिष्ठांना सांगितले की माणूस माझ्या भाषेचा आहे, उद्या कोणी बोट दाखवायला नको. त्यांनी एक सहकारी सोबत दिली आणि जबाब रेकॉर्ड करायचा ठरला. आम्ही संध्याकाळी, मुलगा घरी आल्यावर, त्यांच्याकडे गेलो.

दार सुनेने उघडले. दोन पोलीस बघून ती गडबडली, पण आधी इथल्या माओरी रिवाजाप्रमाणे नमस्कार म्हणून “किया ओरा” म्हणाली आणि मग आपसूक “चहा टाकू ना?” हेही. म्हातारबुवा सोफ्यावर बसले होते. पांढरा शुभ्र सदरा, इतका नीट इस्त्री केलेला की मी क्षणभर बघतच राहिलो. मी त्यांचे हक्क मराठीत समजावून सांगितले. बोलण्याची सक्ती नाही, वकील मिळू शकतो. त्यांनी हात जोडून ऐकून घेतले.

“काका, मंगळवारी आणि गुरुवारी तुम्ही कुठे जाता?”

त्यांनी मुलाकडे पाहिले. “ज्येष्ठांच्या मंडळात.”

“दर वेळी?”

“हो साहेब. पत्ते खेळतो आम्ही.”

इथल्या पोलिसात कोणी कोणाला साहेब म्हणत नाही, सगळे नावाने हाक मारतात. तो शब्द इतक्या वर्षांनी ऐकून माझी पाठ आपोआप ताठ झाली. पण माझ्या खिशात नोंदवहीची प्रत होती आणि समोरचा माणूस खोटे बोलत होता.

खोली बघायला त्यांनी स्वतःच परवानगी दिली. पलंगाखाली तपकिरी कागदाच्या गुंडाळ्या, एका पिशवीत टेप, खडू, भिंग, दोरे कापायची छोटी कातरी आणि एक वही. चित्र एकही नाही. मात्र वहीत चित्रांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे आकडे होते. गायब झालेले सहाही क्रमांक त्यात होते. काम झाले, हे माझ्या सहकारिणीच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होते.

मुलगा मात्र लाल झाला. “बाबा, हे काय आहे? तुम्ही मंडळात जात नव्हता?”

वडील एवढेच म्हणाले, “माझं तिकीट काढ. मी परत जातो.”

“असं कसं तिकीट काढू? पोलीस आलेत घरात!”

सून चहा घेऊन दारात उभीच राहिली. पोलीस म्हणून मी बऱ्याच घरांत असा नको असलेला पाहुणा झालो होतो. पण त्या दिवशी मी चहाचा कप अर्धाच ठेवून उठलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना ठाण्यात बोलावले. मुलाला मी मुद्दाम बाहेर बसवले. खोलीत कॅमेरा सुरू, शेजारी रेकॉर्डवरच्या भाषांतरासाठी दुभाषी बाई. मी तारखा विचारत होतो आणि ते तुटक उत्तरे देत होते. पुस्तक मागायचे? हो. चित्रे कमी होत गेलेली दिसली? हो. मग सांगितले का नाही? त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. हे सगळे कागदावर फार वाईट दिसत होते.

माझ्या लक्षात आले की ते माझ्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या डाव्या खांद्यावर होती. गुन्हेगार माणूस नजर चुकवतो तेव्हा जमिनीकडे बघतो, नाहीतर दाराकडे. खांद्याकडे कोणी बघत नाही.

“काय बघताय काका?”

“काही नाही, साहेब.”

“सांगा की.”

“राग मानू नका. तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे. सगळ्यांचा एक असतोच. पण हा कोट शिवणाऱ्याने ते बघितलेलं नाही. म्हणून कॉलरपाशी ती वळी येते. तुम्ही सारखी ओढता ना ती?”

मी कॉलर ओढतच होतो. दुभाषी बाईंना हसू आवरेना. मी तारखांचा कागद बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला.

“काका, तुम्ही काम काय करत होता?”

त्यानंतर पाऊण तास मला काही विचारावे लागले नाही.

ते टेलर मास्तर होते. चाळीस वर्षे दुकान, आणि दुकानाच्या जोडीला हौशी नाटकांचे कपडे. स्पर्धा आल्या की राजे, सरदार, वजीर, सुलतान सगळे त्यांच्याच मशीनवरून उतरत. “पण साहेब, मी फसवलं हो सगळ्यांना. सुलतान म्हटला की एकच अंगरखा. बटणं बदलायची, जरीची पट्टी बदलायची, झालं. कोणाला कळलं नाही. मलाही नाही. आणि इथे हे पुस्तक सापडलं!”

त्यांचा चेहरा उजळला. ते हातांनी हवेत कपडे बेतायला लागले. वजिराच्या अंगरख्याची बाही गुडघ्यापर्यंत लोंबते, पण तो हात त्या बाहीतून काढतच नाही, खांद्यापाशी फट असते त्यातून काढतो. ती लोंबती बाही नुसती मानाची. स्नानाला निघालेल्या बायकांच्या पायांत वीतभर उंच लाकडी खडावा, आणि मागून दासी कपड्यांचे बोचके घेऊन. पाणी वाहणाऱ्याच्या पाठीवर कातडी पखाल, ती घासून सदरा फाटू नये म्हणून खाली वेगळे चामडे. “आणि एक शिपाई आहे, त्याच्या टोपीला चमचा खोचलेला! खरं सांगतो. जेवणाचा चमचा! तुमच्या टोपीला असली सोय आहे का?”

“नाही बुवा.”

“बघा.”

टेप कशासाठी, तर चित्रातल्या डोक्याच्या उंचीशी ते बाकीच्या अंगाचे प्रमाण काढत. त्यावरून अंगरख्याचा घेर, बाहीची लांबी. वहीतले आकडे ते होते. पूर्ण उभ्या आकृत्यांचीच मापे घेता येतात, म्हणून तेच क्रमांक. चोराचेही नेमके त्याच चित्रांवर लक्ष होते, कारण फ्रेममध्ये उभी आकृतीच शोभून दिसते.

“मग मुलापासून लपवलं का?”

मास्तरांचा आवाज खाली आला. “तो म्हणतो, बाबा, आता शिवणकाम बास. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. वाईट हेतू नाही त्याचा. पण मित्रांना तो सांगतो, वडिलांचा गारमेंटचा बिझनेस होता. मला वाटलं, कशाला त्याला अवघड करा. एकच अंगरखा नीट बेतायचा होता. हात चालतोय तोवर.”

“आणि पानं गेल्याचं सांगितलं का नाही?”

“मला वाटलं, मी टेप लावतो म्हणून बाईंनीच ती काढून आत ठेवली. दोनदा रागावल्या होत्या. इंग्रजीत काय सांगणार मी?”

मी पोलीस माणूस. गोष्ट ऐकायला चांगली आहे म्हणून खरी असते असे नाही. म्हणून त्याच दुपारी मी त्यांना वाचनकक्षात घेऊन गेलो आणि ग्रंथ उघडून पाने जिथून गेली होती ती जागा दाखवली. मास्तरांनी भिंग धरले.

“कात्री नाही ही. पातंही नाही. कात्रीची कड सरळ येते. ही बघा, लव आलीय कडेला. ओला दोरा शिवणीत घालून ठेवलाय, कागद मऊ झाल्यावर ओढून घेतलाय. आवाजही होत नाही.”

“हे तुम्हाला कसं माहीत?” माझ्या सहकारिणीने लगेच विचारले. प्रश्न योग्य होता.

“आम्ही ब्राऊन पेपर असाच फाडतो, ताई. घडी ओली करायची आणि ओढायचं. कापडाची कात्री कागदाला लावली की तिची धार गेलीच म्हणून समजा. असा टेलर मी बघितलेला नाही.”

मी भाषांतर केले. ग्रंथपाल बाई आता पुढे वाकून ऐकत होत्या.

“काका, तुम्ही वाचत असताना हे पुस्तक तुमच्या नजरेआड कधी व्हायचं?”

“जेवायला जायचो तेव्हा. खाली बाकावर डबा खायचो. बाई म्हणायच्या, राहू द्या टेबलावर, परत येणार ना.”

बाईंनी मान हलवली. म्हणजे त्या अर्ध्या तासात ग्रंथ उघडा, आणि नोंद मास्तरांच्या नावावर. खोलीत त्या वेळी आणखी कोण असायचे?

“एक साहेब असायचे. तपकिरी ट्वीडचा कोट. फार छान कापड, पण...” ते थांबले.

“पण काय?”

“त्या चित्रांत कुठेही खिसा दाखवलेला नाही, साहेब. कमरेला भलामोठा शेला गुंडाळलेला, त्यातच सगळं. कारकुनाची दौतसुद्धा शेल्यात खोचलेली. बाकीचं छातीशी, अंगरख्याच्या आत. त्यामुळे मला नादच लागला होता, कोणाचा खिसा कुठे आहे ते बघायचा. त्या कोटाला खिसे किती, तर बाहेर तीन, आत एक. आणि डाव्या अस्तरात खालून वर हात जाईल असा पाचवा, घरी केलेला. अस्तर उसवून परत टाचलेलं, दोऱ्याचा रंगही जुळत नव्हता. सकाळी कोट पाठीवर सरळ पडायचा. मी जेवून आलो की डावी बाजू फळीसारखी. आत ताठ काही असल्याशिवाय ट्वीड असं वागत नाही.”

“हे तुम्ही कोणाला बोललात?”

“त्यांनाच बोललो! खुणेनं सांगितलं, दोन टाक्यांचं काम आहे, द्या, मी नीट करून देतो. माझा काही हेतू नव्हता. दोरा डोळ्यांत खुपत होता एवढंच. तर ते इतके दचकले, की उठून पलीकडच्या टेबलावर गेले.”

मी ग्रंथपाल बाईंकडे वळलो.

कोटाचा मालक सगळ्यांच्या ओळखीचा होता. निवृत्त, गोड बोलणारा, समितीतल्या लोकांबरोबर हिरवळीवरचे बोलिंग खेळणारा. वाचनकक्षाचा नियम असा, की पिशवी आणि कोट दारापाशी ठेवायचे. मास्तर दर वेळी पिशवी ठेवत, त्याची नोंदही होती. टेप आणि वही तेवढी हातात. या गृहस्थाला मात्र थंडी बाधते म्हणून कोट घालून बसायची मुभा होती. ती कोणी दिली, हे विचारल्यावर ग्रंथपाल बाई हळू आवाजात म्हणाल्या, “मीच.”

आम्ही त्या गृहस्थाचा फोटो मिळवून अवोन्डेलला पाठवला. स्टॉलवाल्याने ओळखला. झडतीचे वॉरंट घेतले, ग्रंथ नेहमीसारखाच टेबलावर राहू द्यायला बाईंना सांगितले आणि पुढच्या गुरुवारी दुपारी जिन्याखाली थांबलो. बाहेर दक्षिणेचा गार वारा सुटला होता, त्यामुळे कोट घातलेला माणूस दिसणे स्वाभाविकच. गृहस्थ उतरले, मला बघून नेहमीसारखे हसले. मी वॉरंट दाखवून कोट काढायला सांगितला.

अस्तरात सातवे चित्र निघाले, कहवाखान्याचे. मांडी घालून बसलेली माणसे, लांब नळ्यांचे हुक्के, हातात इवल्या वाट्या. कागद अजून एका कडेला ओलसर होता. घरी आधीच्या सहापैकी चार चित्रे सापडली. उरलेली दोन विकली गेली होती, एक ऑकलंडच्या बाईंनी आधीच परत केले होते आणि दुसरेही पुढे मिळाले.

जबाब देताना त्या गृहस्थांनी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त एक वाक्य दोनदा म्हणाले, “ते पुस्तक कोणी उघडतच नव्हतं.”

मी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली आणि मास्तरांचे नाव असलेली एकेक तारीख दाखवली. त्यांनी पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण त्या वाक्याबद्दल मी मास्तरांना सांगितले तेव्हा ते खरोखर चकित झाले.

“असं कसं? मी बघत होतो की.”

पुढच्या रविवारी ग्रंथपाल बाई मास्तरांच्या घरी गेल्या. त्यांनी मलाही यायला सांगितले होते, दुभाषी म्हणून. घरच्या झाडाचे पिशवीभर फिजोआ, म्हणजे इथली पेरूसारखी फळे, घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि आत यायच्या आधीच म्हणाल्या, “मी चुकले. मला माफ करा.” मी भाषांतर करायला तोंड उघडले, पण मास्तरांना कळले होते. “या, या, आत या,” ते मराठीतच म्हणाले, आणि तेही बाईंना कळले. सुनेने पोहे केले होते. बाईंनी दोनदा घेतले.

त्या दिवशी बाईंनी विचारले, एका शनिवारी वाचकांना ही चित्रे समजावून सांगाल का? मास्तर घाबरले. “माझं इंग्रजी...”

“मी आहे ना,” मुलगा म्हणाला.

त्या शनिवारी वाचनकक्षात जागा पुरली नाही. पुतळ्यावर मास्तरांनी शिवलेला वजिराचा अंगरखा होता, लोंबत्या बाह्यांसकट, आणि शेजारी वडील आणि मुलगा. मास्तर ‘तिरपा काप’ म्हणत आणि मुलगा त्याला इंग्रजी शब्द शोधत अडखळत. एकदा शब्द सापडलाच नाही तेव्हा त्याने अंगरखा उलटा करून शिवण दाखवली आणि लोकांना सांगितले, “माझे वडील टेलर आहेत. त्यांनाच विचारा, मला यातलं काही कळत नाही.” मी भिंतीपाशी उभा होतो. मास्तरांनी त्या वाक्यातला ‘टेलर’ शब्द ऐकला आणि उगाचच पुतळ्याची कॉलर सारखी केली.

ऑकलंडच्या त्या बाईही आल्या होत्या. त्यांनी अंगरख्याला मान्यता दिली, पण बायकांच्या चित्रांसमोर उभ्या राहून त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, “या चित्रकाराला आमच्या घरांत बायकांकडे कोण जाऊ देणार होतं? चित्राचा हा पुढचा भाग ऐकीव आहे आणि हा मागचा नुसता मनाचा.” मास्तरांनी तत्काळ वही काढून खरे कापड कसे असायचे ते विचारून घेतले. त्या दोघांना समाईक भाषा नव्हती. अर्धा तास बोलत होते.

समितीने वाचनकक्ष सुरू ठेवला. कोटाचा नियम आता सगळ्यांना सारखा आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी आधी माझी चूक सांगतो. पहिल्या भेटीत मी मास्तरांना ‘तुम्ही कुठे होता’ असे विचारले. प्रश्न कायद्याने बरोबर होता, पण त्याने त्यांचे तोंड बंद झाले, आणि वही, टेप, खोटे उत्तर या तीन गोष्टींवर मी जवळजवळ आरोपपत्र लिहून मोकळा झालो असतो. माणूस हयातभर जे काम करतो त्याच डोळ्यांनी जग बघतो, आणि त्याने काय पाहिले हे हवे असेल तर आधी ते काम समजून घ्यावे लागते. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी प्रत्येक साक्षीदाराला, प्रत्येक संशयिताला, रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला: काम काय करता?

त्याचा उपयोग झाला. एका वेल्डरने नुसत्या कापलेल्या कडेवरून तोडलेले फाटक कुठल्या यंत्राने तोडले ते सांगितले. एका परिचारिकेला पायऱ्यांवरच्या पावलांच्या आवाजातून लंगडणारा माणूस ओळखता आला. दर वेळी मात्र असे घडत नाही. ऑकलंडच्या मनुरेवाला बदलीवर असताना एका मध उत्पादकाने मला दोन तास बसवून ठेवले. गुन्ह्याबद्दल त्याला काडीची माहिती नव्हती. पण राणी माशी नवे पोळे कधी धरते, वारा कुठला चालतो, ढग आले की माशा का चिडतात, हे सगळे मी तेव्हा शिकलो, आणि ते दोन तास वाया गेले असे मला एकदाही वाटलेले नाही.